किलोभर पितळ

ट्रम्पेटला मराठीत स्वतःचं नाव नाही. कोणी त्याला तुतारी म्हणतं, कोणी पिपाणी, कोणी नुसतंच ‘ते बँडवाल्यांचं’. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत हा नावाचा घोळ थेट मतदानयंत्रापर्यंत पोचला. एका पक्षाचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस, आणि अपक्षांना मिळणाऱ्या ट्रम्पेट या चिन्हाचं मराठी नावही ‘तुतारी’ असंच देण्यात आलं होतं. त्यावरून पुष्कळ वाद झाला. राजकारणाचं सोडा, पण तुतारी, पिपाणी आणि ट्रम्पेट ही तीन वेगळी वाद्यं आहेत, आणि त्यांच्यातला फरक कळला की स्वस्त ट्रम्पेट का फसतो तेही कळतं. हा लेख त्या फसण्याविषयी आहे.

पिपाणीत पाती असते. फुंकर मारली की पाती थरथरते आणि सूर निघतो. सनईचंही तसंच. तुतारीत पाती नसते. तिथे वाजवणाऱ्याचे ओठच थरथरतात आणि नळीतली हवा त्या थरथरीला साथ देते. ट्रम्पेट या अर्थानं तुतारीचाच भाऊबंद. पण साध्या नळीची एक मर्यादा असते. तिच्यातून हवे ते सगळे सूर निघत नाहीत. नळीच्या लांबीनं ठरवून दिलेले काहीच निघतात. सा, मग एकदम प, मग वरचा सा, त्यापुढे ग, पुन्हा प. मधले रे, म, ध, नी गायब. म्हणून तुतारी स्वागत करते, ललकारी देते, पण भूप वाजवत नाही.

ही अडचण सुटली ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, जर्मनीत. हाइनरिश श्टोल्त्सेल आणि फ्रीडरिश ब्ल्यूमेल या दोघा वादकांनी १८१८ साली व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं. कल्पना सोपी होती. बोटानं कळ दाबली की हवा एका जास्तीच्या नळीतून फिरून येते, वाद्य तेवढं लांब होतं आणि सूर तेवढा उतरतो. पुढे पॅरिसमध्ये फ्रान्स्वा पेरिने यानं १८३८-३९ च्या सुमारास त्यात सुधारणा केली. आजच्या ट्रम्पेटमधले तीन दट्टे मूलतः त्याच घडणीचे आहेत.

मी संगीतातला माणूस नव्हे. माझी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये झाली. मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणं हे माझं रोजचं काम होतं. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी भाचीनं फोनवर विचारलं, “मामा, सायलीला शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट दिलाय. घरी सरावाला एक हवा. ऑनलाइन आठ हजारांत नवा मिळतोय, पेटीसकट. घेऊ का?” मी म्हटलं, आठ दिवस थांब. त्या आठ दिवसांचे पुढे सहा महिने झाले, कारण प्रश्न माझ्या धंद्याचा निघाला.

पहिली गोष्ट लक्षात आली ती वजनाची. ट्रम्पेट साधारण किलोभराचा असतो. आठ हजारांचाही तेवढाच आणि पन्नास हजारांचाही तेवढाच. दोन्हींत तांबं आणि जस्त यांचं तेच ओळखीचं मिश्रण, बहुधा सत्तर-तीस. म्हणजे महागड्या वाद्यात पितळ जास्त नाही. मग वरचे चाळीस-बेचाळीस हजार कशाचे? काही भाग नावाचा, जाहिरातीचा, दुकानाच्या भाड्याचा, हे उघड आहे. पण त्यातला मोठा भाग अशा कामाचा आहे जे फोटोत दिसत नाही.

सर्वांत आधी दट्टे. दट्ट्या म्हणजे भोकं पाडलेला एक लहानसा दंडगोल. तो एका नळकांड्यात वर-खाली होतो. दोहोंमध्ये फट हवी, नाहीतर तो हलणार नाही. आणि फट नको, नाहीतर हवा निसटेल. या दोन मागण्यांच्या मध्ये जेवढी जागा उरते ती चांगल्या वाद्यात तीन ते पाच शतांश मिलिमीटर एवढी असते. माणसाचा केस बहुधा याहून जाड असतो. एवढी नेमकी फट लेथवरून थेट उतरत नाही. दट्ट्या आणि नळकांडं अत्यंत बारीक पूड लावून एकमेकांवर घासून बसवावं लागतं, धुवायचं, तपासायचं, पुन्हा घासायचं. टूलरूममध्ये आम्ही याला लॅपिंग म्हणायचो. घाई केली तर एकच परिणाम: सैल किंवा घट्ट. आणि असे तीन दट्टे. स्वस्त ट्रम्पेटमध्ये पैसा वाचवला जातो तो मुख्यतः या तासाभराच्या कामातून.

दट्ट्याचा धातूही महत्त्वाचा. चांगल्या वाद्यात तो मोनेलचा, म्हणजे निकेल आणि तांब्याच्या मिश्रधातूचा असतो, किंवा स्टेनलेस स्टीलचा. नाहीतर पितळेवर निकेलचा मुलामा असतो. मुलामा वाईट नव्हे, पण पातळ आणि असमान असला तर वर्षभरात झिजतो, आणि मग खऱ्या अर्थानं पितळ उघडं पडतं.

दुसरी गोष्ट नळ्यांच्या लांबीची, आणि इथे थोडं गणित करावं लागेल. नेहमीच्या बी-फ्लॅट ट्रम्पेटची नळी सरळ केली तर सुमारे १४८ सेंटिमीटर भरते. मधला, म्हणजे दुसरा दट्ट्या दाबला की तीत ढोबळ मानानं ९ सेंटिमीटर वाढतात आणि सूर अर्धा उतरतो. पहिला दाबला की १८ वाढतात, सूर पूर्ण एक उतरतो. तिसऱ्यानं २८ वाढतात, सूर दीड उतरतो. इथवर ठीक. पण पहिला आणि तिसरा एकत्र दाबला तर? सूर अडीच उतरायला १४८ च्या नळीला आणखी साडेएकोणपन्नास सेंटिमीटर हवेत. मिळतात १८ आणि २८ मिळून ४६. तीन-साडेतीन सेंटिमीटर कमी पडतात. कारण तिसऱ्या दट्ट्याची नळी मूळच्या लांबीचा हिशेब धरून कापलेली असते आणि पहिल्यानं ती लांबी आधीच वाढवलेली असते. नळी तोकडी, म्हणून सूर चढा. तिन्ही दट्टे एकदम दाबले तर तूट दुप्पट होते.

हा दोष कोणा कारागिराचा नाही. तीन दट्ट्यांच्या रचनेतच तो आहे. त्यावरचा उपाय म्हणजे तिसऱ्या नळीला बसवलेली एक कडी. डाव्या हाताची अनामिका त्या कडीत घालून वाजवता वाजवता नळी थोडी बाहेर सरकवायची. त्यासाठी ती नळी तेल घातल्यासारखी सरकली पाहिजे. तिचे दोन पाय एकमेकांना अचूक समांतर हवेत. डाख देताना एक पाय किंचित वाकडा बसला की नळी अडकते. स्वस्त वाद्यांत कडी असते, दिसायला छान असते, पण कित्येकदा नळी जागची हलत नाही.

आता सा खाली धरून सरगम वाजवून पाहा. सा: एकही दट्ट्या नाही. रे: पहिला आणि तिसरा. ग: पहिला आणि दुसरा. म: नुसता पहिला. प: पुन्हा मोकळा. म्हणजे शिकणारं मूल पहिल्या आठवड्यात जे पाच सूर शिकतं त्यातला दुसराच सूर, रे, हा नेमका त्या तोकड्या नळीचा आहे.

सायलीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे वडील रिक्षा चालवतात. त्यांनी तीन महिने पैसे बाजूला टाकून मुलासाठी ऑनलाइन ट्रम्पेट मागवला होता. सोनेरी, झगमगीत, सोबत पांढरे हातमोजे. पोरगा रोज तासभर फुंकायचा. सरांसमोर आला की त्याचा रे चढा लागायचा आणि फुसका. सहा-सात आठवड्यांनी तो म्हणायला लागला की मला सूरच कळत नाही. घरच्यांनाही ते पटत चाललं होतं. एक दिवस सरांनी आपला स्वतःचा ट्रम्पेट त्याच्या हातात दिला आणि कडी कशी सरकवायची ते दाखवलं. तिसऱ्या प्रयत्नात रे लागला. वर्गातल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. तो मात्र ट्रम्पेट उलटसुलट करून बघत राहिला. नंतर त्याचं वाद्य मी हातात घेतलं. तिसरी नळी दोन बोटांनी काय, दोन हातांनीही हलत नव्हती. पहिला दट्ट्या जरा कलता दाबला की खालीच राहायचा.

स्वस्त ट्रम्पेटची खरी किंमत ही आहे. कच्च्या मोटारीनं पंखा बिघडला तर आपण पंख्याला नावं ठेवतो. वाद्य बिघडलेलं असलं तर मात्र दोष शिकणाऱ्याच्या खात्यावर जमा होतो, कारण ते कसं वाजायला हवं हे त्याला अजून माहीतच नसतं. जाणता वादक वाईट ट्रम्पेट दोन मिनिटांत खाली ठेवेल. नवशिका तो वर्षभर वाजवेल आणि मग ट्रम्पेटऐवजी स्वतःला बाद करेल. ज्याला चांगल्या वाद्याची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच वाट्याला सर्वांत वाईट वाद्य येतं. परदेशातले दुरुस्तीकार अशा मालाला ‘वाद्याच्या आकाराची वस्तू’ म्हणतात. त्यातले बरेच जण अशी वस्तू दुरुस्तीला घेतही नाहीत. सुटे भाग जुळत नाहीत आणि मजुरी वाद्याच्या किमतीपेक्षा जास्त होते.

इथे कोणी म्हणेल की स्वस्ताईचाच हा दोष. इतिहास तसं सांगत नाही. व्हॉल्व्ह येण्यापूर्वी युरोपात ट्रम्पेट हे दरबाराचं आणि लष्कराचं वाद्य होतं. ते गिरणीतल्या आणि खाणीतल्या कामगाराच्या हाती आलं ते कारखान्यांत पितळी वाद्यं मोठ्या संख्येनं आणि परवडणाऱ्या दरात होऊ लागली तेव्हाच. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या बेल व्ह्यू इथे १८५३ पासून ब्रास बँडच्या स्पर्धा भरू लागल्या. वाजवणारे दिवसा मजुरी करणारे लोक होते. न बघता वाद्य मागवणंही नवं नाही. अमेरिकेत सीअर्स रोबकच्या जाडजूड सूचीपत्रांतून शेतकऱ्यांची मुलं टपालानं कॉर्नेट मागवत. आजच्यासारखंच तेव्हाही एकाच कारखान्याचा माल वेगवेगळ्या नावांचे शिक्के मारून विकला जाई. इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट हे गाव अशा वाद्यांवर वाढलं. तिथल्या सी. जी. कॉन यानं सुरुवात केली होती ती रबराची कड लावलेल्या माउथपीसपासून, कारण मारामारीत त्याचा ओठ फाटला होता अशी कथा सांगतात.

आपल्याकडेही हीच परंपरा आहे. लष्करी बँडांतून हे वाद्य छावण्यांत आलं आणि छावण्यांतून लग्नाच्या वरातीत. मेरठच्या जली कोठी भागात पितळी वाद्यं बनवणाऱ्यांची वस्तीच आहे. तिथली नादिर अली ही पेढी १८८५ पासूनची. देशभरातल्या बँडवाल्यांना मेरठनं वाद्यं पुरवली आणि आजही पुरवतं. तिथल्या वाद्याला नावं ठेवण्यापूर्वी ते कोणासाठी घडवलं आहे ते पाहावं. वरातीतल्या ट्रम्पेटला रस्त्यावरच्या गोंगाटाच्या वर ऐकू यायचं असतं, मोसमभर टिकायचं असतं, आणि पोचा आला तर गल्लीतच ठोकून घेता यायला हवं असतं. त्या कामाला ते पुरं पडतं. स्वरलेखन वाचत सुरात वाजवायला शिकणाऱ्या मुलाची गरज वेगळी असते, एवढंच.

गोव्यात वाट आणखी वेगळी होती. चर्चशी जोडलेल्या शाळांत मुलं स्वरलेखन वाचायला शिकत. त्यांतले कितीतरी वादक मुंबईत येऊन हॉटेलांत आणि मग चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवू लागले. हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, हे त्यांतले सर्वांत गाजलेले ट्रम्पेटवादक. आपल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि ते यांची जोडी जमली, आणि ‘अलबेला’त (१९५१) चिक चॉकलेट आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसले. ट्रम्पेट मराठी कानांना परका वाटत नाही याचं मोठं श्रेय त्या पिढीला द्यावं लागेल.

तेव्हा प्रश्न स्वस्ताईचा नाही; स्वस्त करताना काय कापलं याचा आहे. चीनमध्ये तिआनजिनच्या परिसरात आणि शेजारच्या हेबेई प्रांतात आज प्रचंड संख्येनं पितळी वाद्यं तयार होतात. ‘चिनी म्हणजे वाईट’ हे समीकरण चुकीचं आहे. मागणी करणारा जितकी तपासणी सांगेल आणि जितके पैसे मोजेल तितकं वाद्य चांगलं निघतं. त्याच शेडमधून एक वाद्य तीनदा तपासून बाहेर पडतं आणि दुसरं न वाजवताच पेटीत जातं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. तिथे दिसते ती चकाकी, आणि चकाकी हा सर्वांत स्वस्त भाग आहे. लाल-जांभळा रंग, बेलवरची वेलबुट्टी, ‘प्रोफेशनल’ हा शब्द, हातमोजे, फडकं: यातल्या कशाचाही सुराशी संबंध नाही.

तरीही एखाद्याला ऑनलाइनच घ्यावा लागेल. गावात दुकान नाही, पैसे मोजके. अशा वेळी माल परत करण्याची मुदत हीच गिऱ्हाइकाची टूलरूम. त्या मुदतीत करायच्या तपासण्या कोणालाही जमतील अशा आहेत.

दट्टे आधी एकेक काढून पुसावेत, व्हॉल्व्हचं तेल घालावं आणि पुन्हा बसवावेत. प्रत्येकावर १, २, ३ असा आकडा असतो. अदलाबदल झाली किंवा दट्ट्या फिरून बसला तर हवाच जात नाही, आणि नव्या माणसाला वाटतं वाद्य मोडकं आलं. मग प्रत्येक दट्ट्या सरळ आणि मुद्दाम थोडा कलता दाबून पाहावा. तो कुठेही न अडकता उसळून वर आला पाहिजे. नंतर दट्ट्या न दाबता त्याची नळी हलकेच थोडी बाहेर ओढावी, चार-पाच सेकंद थांबावं आणि मग दट्ट्या दाबावा. आत निर्वात टिकला असेल तर ‘पक्’ असा आवाज येतो. आवाज आलाच नाही तर हवा फटीतून गळते आहे. सगळ्या नळ्या हातानं सरकल्या पाहिजेत, तिसरी तर बोटानं. माउथपीस नळीत घातल्यावर डुगडुगता कामा नये. शेवटी फोनवरचं सूर दाखवणारं साधन लावून जाणत्या माणसाकडून मोकळे सूर आणि सरगम वाजवून घ्यावी. हे काम नवशिक्यानं करू नये. त्याच्या ओठांचा दोष आणि नळीचा दोष वेगळा काढता येत नाही. वाद्य धुवायचं तर कोमट पाण्यानं. कढत पाण्यानं वरचं लॅकर सुटतं.

यातली एकही तपासणी चुकली तर परत पाठवावं. “वापरून वापरून मोकळं होईल” हे विक्रेत्याचं वाक्य मानू नये. घट्ट बूट पायाला लागून सैल होतो. वाकडी बसलेली नळी सरळ होत नाही.

याहून चांगला मार्ग जुन्या वाद्याचा आहे. पितळी वाद्य नीट ठेवलं तर पन्नास वर्षंही वाजतं. अमेरिकेत ओल्ड्स कंपनीचे विद्यार्थ्यांसाठीचे ट्रम्पेट लोक आजही शोधून घेतात, आणि ती कंपनी १९७९ मध्येच बंद पडली. आपल्याकडे पोलीस आणि लष्करी बँडांतले निवृत्त वादक, चर्चच्या वाद्यवृंदांतले लोक, मुंबई-गोव्यातली वादकांची घरं यांच्याकडे अशी वाद्यं माळ्यावर पडून असतात. बेलला पोचा असतो, लॅकर उडालेलं असतं, फोटोत ती केविलवाणी दिसतात. पोच्यानं सुरात फारसा फरक पडत नाही. दट्टे ठीक असले की काम झालं. अगदीच हात आखडता असेल तर प्लास्टिकचे ट्रम्पेटही मिळतात. त्यांचा आवाज पोकळ असतो, पण निदान ते पितळ असल्याचा आव आणत नाहीत.

सायलीसाठी आम्ही शेवटी एका निवृत्त पोलीस बँडवाल्यांचा जपानी बनावटीचा विद्यार्थी ट्रम्पेट घेतला. जवळपास तेवढ्याच पैशांत. सरांनी आधी वाजवून पाहिला, मी दट्टे पाहिले. सरांच्या ओळखीनं त्या रिक्षावाल्यांच्या मुलालाही एक जुना कॉर्नेट मिळाला. कॉर्नेटची बोटं तीच, नळी तेवढीच, फक्त जास्त गुंडाळलेली.

ट्रम्पेट घेणारे माझ्याकडे आता अधूनमधून फोटो पाठवतात आणि विचारतात, “कसा वाटतो?” मी प्रत्येकाला उलट एकच विचारतो: हा तुमच्याआधी कोणी वाजवून पाहिला आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर पोचा, डाग, नाव, गाव काहीही चालेल. ‘नाही’ असेल तर तुम्ही किलोभर पितळ घेत आहात. तेही घ्यायला हरकत नाही. पण मग ते मुलाच्या हातात देऊन त्याला सूर नाही असं म्हणू नका.